जुन्या शिडाच्या बोटीतलं बाथरूम नव्यानं करतोय, तेही कोल्हापुरात बसून. सल्ले हवेत

घाटावरचा_तांडेल (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आधी खुलासा, म्हणजे "रंकाळ्यात फिरवणार काय?" छापाचे प्रतिसाद वाचतील. बोट कोकणात आहे. आम्ही तिघा मित्रांनी मिळून घेतलेली २८ फुटी फायबरग्लासची शिडाची बोट, १९८०च्या दशकातली, परदेशी बांधणीची. सध्या विजयदुर्गाजवळ वाघोटन खाडीच्या काठावर ओढून ताडपत्रीखाली उभी केलीय. पावसाळ्यात आतलं काम उरकायचं आणि दिवाळीनंतर पाण्यात सोडायची असा बेत.

बाकी बोट ठीक आहे, घोडं अडलंय बाथरूमपाशी. मधली बैठक आणि नाळेकडची (पुढच्या टोकाची) झोपायची जागा यांच्या मध्ये, डाव्या अंगाला, अडीच बाय साडेतीन फुटांची खोली. त्यात हातपंपाचा संडास, वीतभर बेसिन आणि वर एक झरोका. भिंतींना लावलेल्या रेक्झिनमागचा फोम कुजून त्याची पिठी झालीय, हात लावला की अंगावर झडते. बेसिनमागचं प्लायचं पार्टिशन वरच्या कोपऱ्यात काळं पडलंय. वासाबद्दल न बोललेलं बरं. बुडाला व्हॉल्व्ह तीन आहेत: संडासाला समुद्राचं पाणी घेणारा पाऊण इंची, मैला बाहेर सोडणारा दीड इंची आणि बेसिनचा. दीड इंची ठार जाम. पाऊण इंची आधीच्या कुणीतरी बदललेला दिसतो, गच्चीवरच्या टाकीला बसवतात तो साधा पितळी बॉल व्हॉल्व्ह आहे.

बेत असा: सगळं उचकटून कोल्हापुरात आणायचं. शिरोलीत मित्राची शेड आहे, तिथं खोलीचा हुबेहूब सांगाडा उभा करून नवीन बाथरूम इथंच बनवायचं, सुटं करायचं आणि गगनबावड्यावरून खाली न्यायचं. लोखंडलंगड उद्यमनगरात होईल. प्रश्न हे की भिंतींना काय लावावं, जुना पंप दुरुस्त करावा की नवा घ्यावा, आणि टाइल्स चालतील का? (टाइल्सचा हट्ट आमच्यातल्या एकाचा आहे. तो हा धागा वाचणार आहे.) बजेट इथं लिहीत नाही, घरचेही सभासद आहेत.

रंकाळाकाठ

पयला मी! नाद खुळा भावा. फोटो टाक की.

पुणेरी_टोमणा

कोल्हापुरात बोट आणि पुण्यात पार्किंग, दोन्ही ऐकून होतो. वाचतोय.

काटकोन

इंटिरियरचं काम करते, बहुतेक सगळं घरांचं. बोट कधी केली नाही, पण अडीच बाय साडेतीनच्या बाथरूमा राजारामपुरीतल्या जुन्या फ्लॅटांत भरपूर केल्यात.

टाइल्स नको. नऊ मिमीची टाइल चौरस मीटरला वीसेक किलो भरते. तुमच्या भिंती पाच चौरस मीटर धरल्या तरी शंभर किलो झाले, आणि ते सगळे बोटीच्या एका अंगाला. शिवाय बोट लवणार, पिळणार. सांध्यातला ग्राउट पहिल्या हंगामातच सुटेल.

प्लाय घेताना 'वॉटरप्रूफ' या शब्दावर जाऊ नका, दुकानात सगळंच वॉटरप्रूफ असतं. शिक्का बघा. आयएस ३०३ म्हणजे साधा फर्निचरचा प्लाय, आयएस ७१० म्हणजे मरीन. कडा मात्र मरीनच्याही पाणी पितात, त्यामुळे कापल्यावर प्रत्येक कडेला आणि प्रत्येक स्क्रूच्या भोकात इपॉक्सी मुरवा. जिथं भार नाही, नुसतं अस्तर आहे, तिथं डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला बोर्ड) किंवा पीव्हीसी फोम बोर्ड चालेल. कुजत नाही. स्क्रू मात्र नीट धरत नाही आणि उन्हात तापला की फुगतो, म्हणून कडेनं दोन-तीन मिमी जागा सोडा.

मालवणी_चीफ

तांडेल, टाइल्स-बिइल्स मागाहून. आधी बुडातली भोकं.

जहाजाच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढून आता मालवणात बसलोय, त्या अधिकारात सांगतो. धक्क्याला बांधलेली, कुणी हात न लावलेली बोट संडासातून पाणी भरून बसलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. तुमच्या भांड्याचा काठ बहुधा पाणरेषेच्या खाली असेल. बुडाचा व्हॉल्व्ह उघडा राहिला आणि पंपाची झडप जराशी गळकी झाली की समुद्र आपणहून भांड्यात चढतो, काठोकाठ येतो आणि आत सांडत राहतो. नळी निसटली तर बघायलाच नको. पाण्याखाली फूटभर असलेल्या दीड इंची भोकातून मिनिटाला शंभर लिटरच्या वर पाणी येतं.

आता तो पितळी व्हॉल्व्ह. पितळेत तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात जस्त हळूहळू निघून जातं, मागं तांब्याचा पोकळ सांगाडा राहतो. बाहेरून धडधाकट दिसतो. कानस घ्या, एका कडेला घासा. पिवळा चमकला तर अजून जीव आहे. गुलाबी-तांबूस दिसला तर त्या बोटीत झोपू नका.

तिन्ही व्हॉल्व्ह बदला. गनमेटल किंवा ब्राँझचे, किंवा जस्त सुटू नये म्हणून मुद्दाम बनवलेल्या डीझेडआर पितळेचे, किंवा काचतंतू घातलेल्या नायलॉनचे. प्रत्येक व्हॉल्व्हला त्याच मापाचा मऊ लाकडाचा निमुळता बुच दोरीनं बांधून ठेवा. हे झाल्यावर भिंतीला सोन्याचा पत्रा लावलात तरी माझी हरकत नाही.

ओले_काजू

गोव्यात चार्टर बोटींवर काम करते, वासाबद्दल मी बोलते कारण बाकी कुणी बोलणार नाही.

वास बहुतेक वेळा संडासाचा नसतो. आत येणाऱ्या पाण्याच्या नळीत समुद्राचं पाणी साचून राहतं, त्यातले बारीक जीव मरतात, कुजतात, आणि पहिल्या पंपाला सडक्या अंड्याचा भपका येतो. दुसरं कारण मैल्याची नळी. साधी जाळीची पीव्हीसी नळी लावली असेल तर वास तिच्या भिंतीतून पाझरतो. तपासायचं असं: स्वच्छ फडकं गरम पाण्यात बुडवून पिळा, नळीभोवती गुंडाळा, गार होऊ द्या, मग लांब नेऊन हुंगा. फडक्याला वास आला तर नळी गेली. धुऊन काही होत नाही, बदला.

नवी घेताना सॅनिटेशन होज म्हणूनच मागा. बसवताना कुठं झोळ पडू देऊ नका, झोळात मैला उभा राहतो. टोकं गरम पाण्यात धरून साबण लावला की चढतात. दोन-दोन क्लॅम्प लावा, पट्टी आणि स्क्रू दोन्ही ३१६ स्टेनलेस स्टीलचे हवेत.

गनमेटल_आप्पा

तांडेल, हे व्हॉल्व्ह भायेरनं कशाला मागवतायसा? उद्यमनगरात गनमेटल ओतून देतो की. बुशा, इंपेलर, साखर कारखान्याच्या पंपाचे पार्ट, रोजचंच काम हाय आमचं. पॅटर्न (लाकडी नमुना) द्या, वस्तू घ्या. म्हादबा मेस्त्रींसारख्या नावाजलेल्या कारागिराच्या गावात बसून व्हॉल्व्हसाठी परदेशाकडं बघायचं म्हंजे जरा शोभत न्हाई.

मालवणी_चीफ

आप्पा, तुमच्या हाताबद्दल शंका नाही, भंगाराबद्दल आहे. साखर कारखान्यातलं पाणी वेगळं, समुद्र वेगळा. गनमेटल म्हणून भट्टीत अर्धं पितळी भंगार गेलं तर आहे तिथंच येऊ. ८५-५-५-५ पाहिजे: तांबं ८५ टक्के, कथील, शिसं आणि जस्त पाच-पाच. सोबत स्पेक्ट्रोचा (धातूत काय किती आहे ते तपासणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट. आणि ओतकामात सूक्ष्म छिद्रं राहतात, तेव्हा प्रत्येक नग पाण्यात बुडवून आतून हवेचा दाब देऊन बघायचा. बुडबुडा आला की परत भट्टीत.

गनमेटल_आप्पा

रिपोर्ट देऊ. कोरा इनगॉट वापरू, भंगार न्हाई. हवा मारून तुमच्यासमोर दाखवू, मग तर झालं?

खरं सांगू का, अख्खा व्हॉल्व्ह नका करू माझ्याकडनं. आतला बॉल, त्याची टेफ्लॉन सीट, हे नेमकं जमवायला तीन नगासाठी परवडत न्हाई. व्हॉल्व्ह तयार घ्या. बुडातनं आरपार जाणारी फिटिंग, तिचं नट, आतली फ्लँज, वाकडं एल्बो, नळीचं टोक, हे मी करतो. तिथंच बाजारचा माल तुमच्या बोटीला बसणार न्हाई, कारण बूड तिरकं असतंय.

मालवणी_चीफ

आता बोललात. फ्लँज खालून बुडाच्या वळणाला बसेल अशी लाकडी बैठक आधी करून घ्या, तिला चारी बाजूंनी इपॉक्सी.

घाटावरचा_तांडेल

रविवारी खाली जाऊन आलो. कानस मारली. गुलाबी.

एवढ्यावर थांबलं नाही. व्हॉल्व्हच्या पुढचा एल्बो सुटतो का म्हणून पाना लावला, जोरही दिला नव्हता, तर एल्बो मधूनच तुटून पान्यात आला. तुटलेली कड बिस्किटासारखी भुसभुशीत, आत पिवळा ठिपकासुद्धा नाही. या बोटीतून आधीचे मालक गोव्याहून इथवर आले होते. टाइल्सवाल्या मित्राला तो तुकडा नेऊन दिला, त्यानंतर टाइल्सचा विषय त्यानं काढलेला नाही.

काजूताई, फडक्याची परीक्षा केली. फडकं तिथंच टाकून आलो.

आप्पा, थ्रेड गेज लावून बघितलं. पाऊण इंचीला चौदाचं (इंचाला चौदा आटे) पान बसतं, दीड इंचीला अकराचं. बीएसपी (ब्रिटिश पाइपचे आटे) समजायचं का?

गनमेटल_आप्पा

दीड इंचीला अकरा बरोबर बसलं म्हंजे बीएसपी. अमेरिकन एनपीटी असती तर साडेअकरा आलं असतं. पाऊण इंचीवर फसू नका, तिथं दोन्हीकडं चौदाच हाय, फक्त आट्याचा कोन वेगळा, ५५ आणि ६० अंश. आणि आटा समांतर हाय का निमुळता ते बघा. समांतर फिटिंगवर निमुळता व्हॉल्व्ह पिळला की दोन-तीन आट्यांतच आवळतो, माणसाला वाटतंय घट्ट बसला. तेवढ्यावर बोट लटकती.

पुणेरी_टोमणा

तीन व्हॉल्व्हसाठी इतका खल? नवीन बोट आली असती.

रंकाळाकाठ

@टोमणा, तुमच्याकडं दुपारी एक ते चार खल बंद असतो, आमच्याकडं चालू असतो.

घाटावरचा_तांडेल

दुसरी गोष्ट. बेसिनमागचा काळा कोपरा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं ठोकत गेलो. खाली टणक आवाज, वरच्या वीतभर भागात भदभद. अणकुचीदार पोकर अर्धा इंच आत गेला. डोलकाठीच्या बाजूच्या तारा जिथं डेकमधून खाली येतात, तो स्टीलचा पट्टा नेमका याच पार्टिशनला बोल्टनं जोडलाय. काटकोन म्हणाल्या तसं वरून सहा मिमीचं अस्तर मारून झाकावं का?

मालवणी_चीफ

झाकू नका!!

ते पार्टिशन म्हणजे खोलीची भिंत नव्हे, डोलकाठी त्याच्यावर उभी आहे. वाऱ्यात शिडाचा सगळा ओढा त्या तारेतून त्या पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून त्या प्लायवर येतो. पाणी वरून आलंय. पट्टा डेकमधून जातो तिथलं सीलंट चाळीस वर्षांत वाळलं असणार, तिथून थेंब-थेंब उतरून प्लायची वरची कड प्यायली. म्हणजे तुमच्या बाथरूमचं अर्धं दुखणं डेकवर आहे.

डोलकाठी उतरवलेली आहे ना? नसेल तर आधी ती उतरवा. मग पट्टा काढा, बोल्ट काढा, टणक लाकूड लागेपर्यंत कापा. तेवढ्याच जाडीचा आयएस ७१०चा तुकडा लांब तिरक्या सांध्यानं जोडा, आणि बोटीच्या अंगाशी दोन्ही बाजूंनी काचकापडाच्या पट्ट्या इपॉक्सीत बसवा. जुन्या पॉलिस्टरवर इपॉक्सी चांगलं धरतं. उलटं, इपॉक्सीवर पॉलिस्टर किंवा जेलकोट मारायला जाऊ नका, सुटून येतो. पट्टाही भिंग लावून बघा. स्टील डेकच्या जाडीत हवेवाचून ओलं राहिलं की तिथंच बारीक चीर धरतं, वर आणि खाली चकाचक दिसतं.

डेकवर परत बसवताना ब्युटिल टेप लावा. सिलिकॉन नाही. एकदा सिलिकॉन फासलं की त्या जागी पुढं ना रंग धरत ना दुसरं काही.

काटकोन

चीफ म्हणतात ते बरोबर. अस्तराचं मी म्हटलं ते बिनभाराच्या भिंतींसाठी होतं, ही भिंत त्यात येत नाही.

आता फर्म्याबद्दल (मापाच्या साच्याबद्दल), कारण तुमचा शिरोलीचा सगळा डाव त्यावर आहे. बोटीत काटकोन नाही (माझं नाव असूनही). टेपनं मापं घेऊन सांगाडा उभा केलात तर खाली नेल्यावर भिंतीचं एकही पान (पॅनेल) बसणार नाही. तीन मिमी प्लायच्या दोन बोटं रुंद पट्ट्या कापून न्या. प्रत्येक भिंतीच्या कडेकडेनं, वळणाला टेकवत, पट्ट्या एकमेकींना ग्लू गननं चिकटवत जा, मधे तिरपे आधार द्या. भिंतीची जाळी तयार होते, ती उचलून जशीच्या तशी शेडमध्ये आणायची. प्रत्येकीवर 'वर', 'नाळ', 'आतली बाजू' लिहा, नाहीतर घाटात सगळं उलटसुलट होईल. आणि पाणसळ लावण्याआधी बोट तिच्या पाणरेषेला समतल उभी आहे का ते बघा, नसेल तर पाणसळ खिशात ठेवा.

उतरायच्या दाराची रुंदीही मोजा. शेडमध्ये झकास बाथरूम झालं आणि ते बोटीत शिरलंच नाही, असं नको.

घाटावरचा_तांडेल

डोलकाठी खाली आहे. दार ५४ सेंमी. म्हणजे सगळं पानांत करायचं, सांधे आत गेल्यावर.

काटकोन ताई, भिंती एकसंध, बिनस्क्रूच्या दिसाव्यात अशी घरून मागणी आहे. मार्ग काढा.

काटकोन

निघेल. चुंबकी कॅच किंवा झाकलेल्या कप-वॉशरचे स्क्रू.

मालवणी_चीफ

निघू नये. व्हॉल्व्हसमोरचं पान अंधारात, बोट आडवी झालेली असताना, एका हातानं उघडलं पाहिजे. दुसरा हात कुठंतरी धरायला लागतो. त्यावरून आठवलं, भिंतींना माणसाचं वजन पेलतील असे दोन दांडे लावा, मागं पूर्ण जाडीचा प्लाय देऊन. टॉवेल अडकवायचा बाथरूममधला दांडा पहिल्या लाटेला हातात येतो.

ओले_काजू

पंपाबद्दल कुणी बोललं नाही. जुना ब्राँझचा असेल आणि सिलिंडरला आतून ओरखडे नसतील तर फेकू नका, दुरुस्त होतो. आतल्या चपट्या झडपा निओप्रीनच्या शीटमधून कापता येतात. पिस्टनचं वॉशर चामड्याचं असेल.

गनमेटल_आप्पा

चामड्याचं वॉशर कोल्हापुरात मिळणार न्हाई तर कुठं मिळणार? हातपंपाची करणारे हायत. माप द्या.

ओले_काजू

बाहेरच्या नळीच्या तोंडाशी असते ती जोकर झडप मात्र विकतच घ्या. रबराची चोच असते ती, शीटमधून होत नाही, आणि तिच्यावर पांढरे खडे साचतात. मुताचे क्षार आणि समुद्राचं पाणी एकत्र आलं की तयार होतात. पांढरं व्हिनेगर रात्रभर ठेवून सुटतात. संडास साफ करायचं ॲसिड मी टाळते, रबर खातं. आणि ॲसिड नि ब्लीच एकत्र कधीच नको. त्या अडीच फुटांच्या खोलीत क्लोरीन झाला तर दार उघडायलाही वेळ मिळणार नाही.

मालवणी_चीफ

समुद्राचं पाणी आपोआप आत ओढलं जाऊ नये, म्हणजे सायफन तोडायला, वर हवेची झडप असलेलं नळीचं उलटं यू लावतात, ते बोट कितीही कलली तरी पाणरेषेच्या वर राहील एवढं उंच पाहिजे. पाणी घेणाऱ्या बाजूला ते पंप आणि भांडं यांच्या मधे लावा. व्हॉल्व्ह आणि पंपाच्या मधे लावलंत तर पंप नुसती हवा ओढत बसेल. झडप मिठानं बसते, हंगामात एकदा धुवा.

रंकाळाकाठ

एक भाबडा प्रश्न. हे सगळं शेवटी खाडीतच सोडणार ना?

घाटावरचा_तांडेल

आत्ताची रचना तशीच आहे. टाकी नाही.

ओले_काजू

मग टाकी बसवा. भिंती उघड्या आहेत तोवरच ते जमेल. मोठ्या जहाजांना मारपोलचा (जहाजांच्या प्रदूषणाबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराचा) नियम आहे: दळून, जंतुनाशक करून सोडायचं तर किनाऱ्यापासून ३ सागरी मैलांच्या पुढे, तसंच सोडायचं तर १२ मैलांच्या पुढे, तेही किमान ४ नॉट वेगानं चालत असताना. २८ फुटी बोटीला तो लागू नाही, पण अक्कल तीच. ज्या खाडीत तुम्ही नांगर टाकणार तिथंच ओहोटीला बायका तिसऱ्या आणि कालवं काढतात. कालव पाणी गाळून खातं, आणि तुम्ही संध्याकाळी त्याच गावात जेवायला जाता.

नाहीतर सरळ कोरडा संडास घ्या, लघवी वेगळी, बाकी कोकोपीटमध्ये. बुडाची दोन भोकं कायमची बुजवता येतील.

गनमेटल_आप्पा

टाकी माझ्याकडं. ३१६ची, टिग वेल्ड, आरशागत पॉलिश.

मालवणी_चीफ

आप्पा, एवढी एक नको. मैल्याच्या टाकीला स्टेनलेस टिकत नाही, मूत वेल्डच्या कडेनं खातं. जाड पॉलिथिनची घ्या. हवेची नळी पाऊण इंचीहून बारीक नको, हवा खेळती राहिली की वास कमी.

गनमेटल_आप्पा

बरं. पॉलिश गेली, ऱ्हायलं.

काटकोन

४० लिटरची टाकी बेसिनखाली बसते का ते फर्म्यावर आधी पुठ्ठ्याचा खोका ठेवून बघा. माझा अंदाज, बेसिन चार इंच वर सरकवावं लागेल, आणि मग आरसा झरोक्यात जाईल.

घाटावरचा_तांडेल

कोरड्या संडासावर घरी मतदान झालं, डिपॉझिट जप्त. टाकीच. पुठ्ठ्याचा खोका ठेवला, बेसिन चार नाही, पाच इंच वर जातंय. आरसा दाराच्या आतल्या बाजूला लावतोय.

क्रम आता असा धरलाय: डेकची गळती आणि पार्टिशन खाली जाऊन आधी, पावसाची उघडीप बघून. व्हॉल्व्ह त्याच्या मागोमाग. भिंतींचं काम शिरोलीत सावकाश चालू राहील, त्यांना घाई नाही. आप्पा, एल्बो आणि फ्लँजचे लाकडी पॅटर्न शनिवारी घेऊन येतो.

गनमेटल_आप्पा

या. ओतीव आटताना आकसतंय, तवा पॅटर्न नेमक्या मापाचा नको, आकसवाढ धरून आणि मशिनिंगला दोन-तीन मिमी जास्त ठेवून करा. आणि व्हॉल्व्हचं हँडल फिरताना टाकीला आपटतंय का ते त्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर बघून या. एल्बो कुठल्या अंगाला वळवायचा हे एकदा ओतल्यावर बदलत न्हाई.

पुणेरी_टोमणा

वाचनखूण साठवली. बोटीसाठी नव्हे, आमच्या गच्चीवरच्या टाकीचा व्हॉल्व्ह गळतोय.